खोक्यावर ४.६, स्क्रीनवर १.३!

नवाकोरा लॅपटॉप, पहिला हप्ता नुकताच कापला गेलेला आणि ऑफिसातला कुणीतरी सहज विचारतो, ‘स्पीड चेक केलास का रे?’ झालं! झोपेचं खोबरं... प्रोसेसरचा तो सतत हलणारा आकडा नेमकं काय सांगतो, याचा डोंबिवली व्हाया लॅमिंग्टन रोड घेतलेला हा शोध.

रविवार, सकाळचे साडेसात. या वेळी फोन वाजला की एक तर कुणीतरी गेलेलं असतं किंवा माझा मामेभाऊ असतो.

‘ताई, मला फसवलं.’

मामेभाऊ तेवीस वर्षांचा. पहिली नोकरी, अंधेरीला. डोंबिवलीहून रोज ये-जा आणि रात्री उरलेल्या वेळात लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करणं. त्यासाठीच त्याने लॅपटॉप घेतला होता. एकसष्ट हजार, बारा हप्ते. मामीला आकडा पंचेचाळीस हजार सांगितलाय, तेव्हा हे तुमच्या-माझ्यात.

प्रकरण असं होतं. खोक्यावर ‘४.६ गिगाहर्ट्झपर्यंत’ असं ठळक छापलेलं. आणि विंडोजच्या माहितीच्या पानावर प्रोसेसरच्या नावापुढे चक्क १.३०! मग या पठ्ठ्याने टास्क मॅनेजर उघडला. तिथे रात्री १.१ दिसत होता आणि सकाळी उठून पाहतो तर ०.७९.

‘कमी कमी होत चाललाय, ताई! उद्यापर्यंत बंद पडेल.’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘तू पत्रकार आहेस ना? छाप की यांच्याविरुद्ध!’

खरं सांगू? मलाही बातमीचा वास आला. खोक्यावर एक आणि आत दुसरंच, पहिल्या पगारातून हप्ते भरणारा मुलगा, वर ‘पर्यंत’ हा बारीक अक्षरातला शब्द. मास कॉमच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तशी आयती स्टोरी. दुसऱ्या दिवशी त्याला हाफ डे टाकायला लावला आणि आम्ही खोक्यासकट निघालो.

ठोका चुकतो कुठे?

त्याआधी जरा बेसिक्स. प्रोसेसरच्या आत एक ठोका सतत पडत असतो आणि प्रत्येक ठोक्याला आतली यंत्रणा एक पाऊल पुढे टाकते. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. ४.६ म्हणजे सेकंदाला ४६० कोटी. (एक चुटकी वाजवा. तेवढ्यात झाले त्याचे काही कोटी.)

हा ठोका प्रोसेसर एकदम एवढा फास्ट बनवत नाही. मूळ ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला गुणत जातो. आठने गुणलं तर ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ०.८ गिगाहर्ट्झ. शेहेचाळीसने गुणलं की ४.६. हा गुणाकाराचा आकडा कायमचा ठरलेला नसतो, तो कामाप्रमाणे दर क्षणाला बदलतो. आमच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच होतं, पण ते कळायला मला लॅमिंग्टन रोडपर्यंत जावं लागलं.

टर्बो बटणाची गंमत

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर शिरलं की मला नेहमी धडकी भरते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचाराल तर कुणी रस्ता सांगणार नाही. दुकानावर दुकान, वायरींची जंगलं आणि प्रत्येकाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आमचे दुकानदार काका साठीचे. भावाने तावातावाने खोकं काउंटरवर आपटलं. काकांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘एक पॉइंट तीन दिसतोय ना? महिन्यात चार जण येतात. बसा. चहा घेणार?’

चहा येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी वही काढली. ३८६ आणि ४८६ च्या जमान्यात कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं एक बटण असायचं आणि शेजारी लाल किंवा हिरव्या दिव्यांचा आकडा. बटण दाबलं की ३३ चा ६६ व्हायचा. बघणारा खूश. प्रत्यक्षात ते बटण मशीन हळू करण्यासाठी होतं! जुने गेम प्रोसेसरच्या ठोक्यावर चालायचे. नव्या मशीनवर ते इतके पळायचे की खेळताच यायचे नाहीत, म्हणून ब्रेक. आणि तो चमकणारा आकडा? तो काही मोजत नव्हता. मागच्या बारीक पिना जोडून असेंबल करणारा माणूस हवा तो आकडा बसवायचा.

‘आम्ही तिथे ९९ लावला असता तरी गिऱ्हाईक खूश झालं असतं,’ काका म्हणाले. ‘तुमचा विंडोजवाला आकडा निदान खरा तरी आहे.’

फसवणूक तेव्हाही व्हायची. नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरचा छापलेला आकडा खरवडून वरचा आकडा छापायचा, हा जगभर चाललेला धंदा होता. आज प्रोसेसरचं नाव कारखान्यातच चिपच्या आत लिहिलेलं असतं आणि विंडोज ते तिथून वाचतं. ‘१.३०’ हे त्या वाचनाबरोबर येतं. म्हणजे भावाला मिळालेला माल अस्सल होता. माझी अर्धी स्टोरी तिथेच चहात विरघळली.

मग आकड्याचं हे वेड आलं कुठून? १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा तो ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. गिगा नाही, मेगा. मार्च २००० मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉनच्या जोरावर एक गिगाहर्ट्झ गाठलं आणि दोनच दिवसांनी इंटेलचा पेंटियम थ्री तिथे पोहोचला. एकोणीस वर्षांत दोनशेपट! आपल्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळात पीसी आला, त्यांना बाबांचं ते कौतुक आठवत असेल. सोफ्यावर बसून शेजारच्या काकांना ऐकवायचे, ‘आमचा पी-फोर आहे, टू पॉइंट फोर!’ फ्रिजचे लिटर सांगावेत तसं.

आणि गोची अशी की तेव्हाही तो आकडा पुरता खरा नव्हता. सुरुवातीचे पेंटियम फोर प्रत्येक ठोक्याला काम कमी करायचे. दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर बऱ्याच कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीला धड मागेही टाकायचा नाही. एएमडीने तर २००१ मध्ये आकडाच द्यायचं बंद केलं. ‘अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+’ असं नाव, आत १.५३ गिगाहर्ट्झ. लोक मशीन चालू करायचे, १५३३ मेगाहर्ट्झ वाचायचे आणि थेट दुकानात! काका हसले, ‘तुमच्या भावाची वीस वर्षांपूर्वीची आवृत्ती.’

अंगठ्याच्या नखावर साठचा बल्ब

२००४ मध्ये ही शर्यत भिंतीवर आदळली. इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर जाहीर केला होता. तो रद्द करावा लागला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ऑरलँडोच्या एका परिषदेत इंटेलचे तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट भरसभेत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माफी मागितली. थट्टेतच, पण मागितली.

आडवी आली ती उष्णता. पुण्यात चिप डिझाइनमध्ये काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मला फोनवर हे समजावलं, तेही भाजी चिरता चिरता. ठोका वाढवला की वीज जास्त लागते, हे उघड आहे. पण ठोका वाढवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. व्होल्टेज दीडपट, तर खप सव्वादोनपट, वर ठोक्याची वाढ वेगळीच. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

‘अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी चिप असते गं,’ ती म्हणाली. ‘त्यावर जुना पिवळा साठचा बल्ब लागलाय असं समज. हात लावशील?’

मग कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. एक, एकाच डोक्याला पळवण्यापेक्षा डोकी वाढवायची, म्हणजे कोअर. २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओंचा ठोका तीन गिगाहर्ट्झच्याही आत होता आणि तरी त्यांनी ३.८ च्या पेंटियम फोरला धूळ चारली. दुसरी वाट म्हणजे काम असेल तेव्हा पळायचं, नसेल तेव्हा बसायचं. याची सुरुवात लॅपटॉपपासून झाली. जानेवारी २००० मध्ये इंटेलने ‘स्पीडस्टेप’ आणलं. चार्जर लावला की ६५० मेगाहर्ट्झ, बॅटरीवर ५००. तेव्हा दोनच पायऱ्या होत्या. २००८ मध्ये कोअर आय-सेव्हनबरोबर ‘टर्बो बूस्ट’ आलं. जागा थंड असेल, विजेचा कोटा उरला असेल, तर ठरलेल्या आकड्याच्याही वर जायचं. टर्बो हा शब्द परत आला, पण या वेळी खरोखर पळण्यासाठी!

तेव्हापासून ‘प्रोसेसरचा स्पीड किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. २०२४ मध्ये इंटेलने ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा डेस्कटॉप प्रोसेसर काढला, पण तोसुद्धा रिकामा बसलेला असताना पेंगतच असतो.

फडके रोडवरचा ताशा

हे सगळं ऐकूनही भाऊ हटून होता. ‘पण ताई, पैसे तर ४.६ चे घेतले ना?’

मग मला त्याच्याच भाषेत बोलावं लागलं. हा गडी ढोलपथकात आहे. गुढीपाडव्याला डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते, तेव्हा कमरेला ढोल बांधून फडके रोडवर असतो. त्याला म्हटलं, ‘गणपती मंदिरासमोर वाजवता तसं यात्रेच्या पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत वाजवता का रे?’

‘वेडी आहेस का? हात गळून पडतील.’

‘आणि पाणी प्यायला थांबता तेव्हा?’

‘तेव्हा एकटा ताशा हळू चालू असतो... ओह!’

पडला प्रकाश. मंदिरासमोरचं ते अंगावर काटा आणणारं वादन म्हणजे ४.६. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं. पूर्ण रस्ताभर, ऊन असताना, सगळ्यांनी मिळून न थकता टिकवता येईल ती लय म्हणजे १.३. त्याला ‘बेस’ म्हणतात. पूर्ण कामाच्या ताणाखाली, ठरलेल्या वीज-कोट्यात मी एवढं तरी देईन, हे कंपनीचं आश्वासन. आणि पाणी प्यायला थांबल्यावरचा तो मंद ताशा म्हणजे ०.७९. लॅपटॉपवर तुम्ही नुसते बघत बसलात, तर तो उगाच कशाला बडवेल?

थोडक्यात, रिकाम्या वेळी आकडा पडलेला दिसणं ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे. बॅटरी टिकते, पंखा गप्प राहतो. काम असताना आकडा पडलेला दिसला, तर विचारायचं ‘का रे बाबा?’

गादी, पाट आणि मे महिना

तर विचारलंच. त्याच संध्याकाळी डोंबिवलीला मामाच्या घरी आम्ही प्रयोग केला. भावाने एका लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ रेंडरिंगला टाकला आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला. पहिली काही सेकंदं ४.३, ४.२. भाऊ उडालाच! अर्ध्या मिनिटाने ३.४. मग २.६ वर येऊन आकडा जवळजवळ थांबला. पाच मिनिटांनी १.९ झाला आणि भावाचा चेहरा पुन्हा पडला.

लॅपटॉप गादीवर होता. खालच्या जाळ्या चादरीने बंद, मे महिना, खोलीत फक्त पंखा. मामीने न सांगता पाट आणून दिला. (चहाही.) पाटावर ठेवल्यावर दोन मिनिटांत आकडा परत २.५ वर! एसी नाही, सॉफ्टवेअर नाही, एक लाकडी पाट.

हा खेळ असा चालतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरला विजेचे दोन कोटे असतात, एक थोड्या वेळाचा मोठा आणि एक कायमचा छोटा. उदाहरणादाखल २०२२ मधला इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२३५यू घ्या. इंटेलच्याच तक्त्यात त्याचा कायमचा कोटा १५ वॅट आहे आणि झटक्यापुरता ५५ वॅट. आधी मोठा कोटा खर्च करायचा, मग निमूटपणे छोट्यावर यायचं. त्यातही चिपचं तापमान वर चढलं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते, तर जळण्याऐवजी ती स्वतःहून ठोका कमी करते. आपल्याकडचा मे महिना आणि परदेशी टेस्टिंग लॅबमधला एसी यांत फरक पडणारच.

आणि हो, बघण्यानेही आकडा बदलतो. प्रोसेसर सेकंदात शेकडो वेळा लय बदलू शकतो. टास्क मॅनेजर साधारण सेकंदाला एकदा आकडा दाखवतो, तोही सगळ्या कोअरचा मिळून एक. म्हणजे तुम्हाला दिसते ती सरासरी. दुसरं एखादं सॉफ्टवेअर प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा दाखवतं आणि तो त्याच क्षणी जुळत नाही, तेव्हा दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. शिवाय टास्क मॅनेजर उघडणं हेही एक कामच. झोपलेल्या माणसाला हलवून ‘झोपलास का रे?’ विचारलं की तो ‘नाही’ म्हणणारच ना! ४.०० ऐवजी ३.९९ दिसतं त्याचं कारण तर आणखी मजेशीर आहे. मूळ ठोका मुद्दाम किंचित मागेपुढे हलता ठेवतात, म्हणजे त्याचा रेडिओ-गोंगाट एकाच जागी साठून आजूबाजूच्या उपकरणांना त्रास देत नाही.

सेटिंगचाही हात असतो. विंडोजमध्ये बॅटरी वाचवण्याचा मोड चालू राहिला, तर मशीन हात राखूनच काम करतं. जुन्या पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ नावाची एक ओळ असते. ती शंभरवरून नव्व्याण्णव टक्के केली, की बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो संपूर्ण बंद! एक टक्क्याने. कुणी ‘लॅपटॉप थंड ठेवायची ट्रिक’ म्हणून हे करून ठेवलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं.

‘पर्यंत’ नावाचा पाहुणा

म्हणजे कंपन्या धुतल्या तांदळासारख्या? मला नाही वाटत. दुकानदाराविरुद्धची माझी स्टोरी मेली असली, तरी त्या बारीक ‘पर्यंत’चा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

पुन्हा तोच १२३५यू बघा. त्यात दहा कोअर आहेत, दोन मोठे आणि आठ छोटे. जाहिरातीतला ४.४ हा आकडा फक्त दोन मोठ्यांचा. छोट्या आठांची धाव ३.३ च्या पुढे नाहीच, आणि त्यांचा बेस तर ०.९. हे लपवलेलं नाही, कंपनीच्या तक्त्यात सगळं आहे. पण तो तक्ता वाचून लॅपटॉप घेणारा माणूस मला अजून भेटायचाय. ‘सेल’च्या दिवशी मोबाइलवर दिसतं ते फक्त ‘४.४ पर्यंत’. सेलच्या पाटीवरच्या ‘५०% पर्यंत सूट’चा हा सख्खा भाऊ!

शिवाय तोच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगळा वागतो. एका कंपनीने पातळ, दिसायला देखणं मशीन काढलं, एकच छोटा पंखा. दुसरीने जाडजूड, दोन पंखे. खोक्यावर आकडा तोच. पण तासभर रेंडरिंग केलं तर पहिला कधीच दमलेला असतो. तासाभराने कितीवर चालेल, हे कुणीच खोक्यावर छापत नाही. भावासारख्यांना नेमका तोच आकडा हवा असतो.

आणि गप्प बसण्याची किंमत काय होते, हे अ‍ॅपलला विचारा. डिसेंबर २०१७ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की जुन्या आयफोनची बॅटरी बदलली की फोन एकदम पळायला लागतो. अ‍ॅपलने कबूल केलं, जुनी बॅटरी अचानक दम तोडून फोन बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग आवरतं. इंजिनीअरच्या नजरेने कारण बरोबरच होतं. सांगितलं मात्र नव्हतं. लाखो लोकांनी ‘फोन जुना झाला’ म्हणून नवा घेतला असेल, तर? अ‍ॅपलने जाहीर माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड भरला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. ठोका खाली आणण्यात काही गैर नव्हतं. तो का आणला, हे आपल्या खिशाला कळू न देणं महागात पडलं.

माझाही ठोका चुकला

आता खरा लोचा. भावाला एवढं ज्ञान पाजून मी दादरला घरी आले, माझा पाच वर्षांचा लॅपटॉप उघडला आणि गंमत म्हणून टास्क मॅनेजर बघितला. ०.३९. असू दे, रिकामा आहे. मग वीस टॅब उघडले, एक मोठी फाइल झिप करायला लावली. प्रोसेसरचा वापर शंभर टक्के. स्पीड? ०.३९. पाटावर ठेवला. ०.३९. मोड बदलला. ०.३९!

गेले तीन महिने मी या मशीनला शिव्या देत होते. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं. याच्यापायी एक मुलाखत अर्धवट रेकॉर्ड झाली आणि ते काम माझ्या हातून गेलं. मी नव्या लॅपटॉपचे हप्तेसुद्धा बघून ठेवले होते, पंचावन्न हजारांचे.

चिपवाल्या मैत्रिणीला फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारला, ‘चार्जर कुठला वापरतेस?’

चार्जर स्टेशनबाहेरचा. ओरिजिनल फेब्रुवारीत तुटला, तेव्हा सातशे रुपयांत घेतलेला, ‘सेम टू सेम मॅडम, फक्त नाव नाही’. कित्येक लॅपटॉप चार्जरच्या एका बारीक पिनेतून ‘तू कोण, किती वॅटचा?’ असं विचारतात. उत्तर आलं नाही, तर मशीन धोका पत्करत नाही आणि प्रोसेसरला सर्वांत खालच्या लयीवर बांधून ठेवतं. चालू करताना त्याची सूचनाही येते. मी ती रोज सकाळी न वाचता एंटर दाबून घालवत होते.

चार्जर काढला आणि नुसत्या बॅटरीवर चालवला. २.१. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाकडे त्याच कंपनीचा चार्जर होता. तो लावला, फाइल पुन्हा झिपला टाकली. ३.४! पंखा घोंघावायला लागला. तीन महिन्यांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता आणि त्याला मी ‘चला, निदान शांत तरी आहे’ म्हणून कौतुकाने मिरवत होते.

ओरिजिनल चार्जर दोन हजार चारशेला आला. पंचावन्न हजारांची ती टॅब बंद केली.

रात्री साडेअकराला भावाचा मेसेज. लग्नाचा व्हिडिओ संपलाय, स्क्रीनशॉट जोडलाय. स्पीड ०.७९. खाली लिहिलंय, ‘ताई, झोपला गं तो. मीपण झोपतो.’